लॅटिन नाम पाठ करायचे तर षष्ठीसकट

लॅटिन शिकू लागलेल्या वाचकांची एक अडचण वारंवार कानावर येते. शब्द पाठ होतात, तक्तेही पाठ होतात, पण वाक्य समोर आले की त्यातला ओळखीचा शब्द ओळखू येत नाही. ‘रेक्स’ म्हणजे राजा हे पक्के ठाऊक असते. वाक्यात ‘रेगेम’ येते, शब्दकोश उघडावा तर तिथे ‘रेगेम’ नसतेच. मग वाटते की आपली स्मरणशक्ती कमी पडते. तसे नाही. शब्द वहीत चुकीच्या पद्धतीने उतरवला गेला, एवढेच झालेले असते आणि ते सुधारता येते.

हा लेख वनस्पतिशास्त्राच्या, वैद्यकाच्या किंवा कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, चर्चमधली जुनी लॅटिन गीते अर्थ समजून गाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे, आणि निव्वळ आवडीने ही भाषा उघडून बसलेल्यांसाठीही आहे. क्रियापदांना इथे हात लावलेला नाही. नामे आणि त्यांची रूपे हाती आली की क्रियापदांशी झुंजायला बळ उरते.

आधी उच्चार ठरवा

लॅटिनचे दोन उच्चार प्रचलित आहेत. एक प्राचीन रोमचा, विद्वानांनी पुन्हा बांधलेला. दुसरा चर्चचा, इटालियन वळणाचा. सिसेरो हे नाव पहिल्यात ‘किकेरो’, दुसऱ्यात ‘चिचेरो’. गाण्यासाठी शिकत असाल तर चर्चचा घ्या, वाचनासाठी शिकत असाल तर प्राचीन घ्या. दोन्ही बरोबर आहेत. मात्र एकदा निवडला की पहिले वर्षभर बदलू नका.

या लेखात प्राचीन उच्चार वापरला आहे. ‘त’ आणि ‘द’ मराठीसारखे दंत्य म्हणायचे, ‘ट-ड’ नाही. शेवटचा ‘आ’ लांब असेल तिथे अवग्रह दिला आहे: ‘पुएल्ला’ आणि ‘पुएल्लाऽ’ ही दोन वेगळी रूपे आहेत. वहीत शब्द रोमन लिपीत लिहाल तेव्हा लांब स्वरावर आडवी रेघ द्यायला विसरू नका. छापील लॅटिनमध्ये ती बहुधा नसते, पण शिकणाऱ्याला तिच्यावाचून विभक्ती कळत नाही.

शब्द वहीत कसा उतरवावा

प्रत्येक नामाच्या नोंदीत चार गोष्टी हव्यातच:

- प्रथमा एकवचन: रेक्स
- षष्ठी एकवचन: रेगिस
- लिंग: पुल्लिंग
- अर्थ: राजा

यातली दुसरी गोष्ट सर्वांत मोलाची, आणि नेमकी तीच गाळली जाते. षष्ठी दोन कामे करते. शब्द कोणत्या गटातला ते सांगते आणि त्याचे खरे अंग दाखवते. ‘रेगिस’मधून ‘-इस’ काढा, ‘रेग्’ उरतो. यापुढचे प्रत्येक रूप ‘रेग्’ला प्रत्यय लागून होते: रेगेम, रेगी, रेगे, रेगेस, रेगुम, रेगिबुस. ‘रेक्स’ फक्त प्रथमेत आणि संबोधनात.

मराठी माणसाला हे नवे वाटायचे कारण नाही. आपण ‘पाणीला’ म्हणत नाही, ‘पाण्याला’ म्हणतो. ‘घोडाने’ नाही, ‘घोड्याने’. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते हे शाळेत शिकलेले आहे. लॅटिनची षष्ठी म्हणजे त्या सामान्यरूपापर्यंत पोहोचण्याची वाट. दुसऱ्या गटात ‘पुएर’ (मुलगा) याची षष्ठी ‘पुएरी’ होते, पण ‘आगेर’ (शेत) याची ‘आग्री’. एकात ‘ए’ राहतो, दुसऱ्यात जातो, आणि प्रथमा पाहून हे कळायला मार्ग नाही.

इंग्रजी येत असेल तर आणखी एक आधार आहे. इंग्रजीने लॅटिनचे शब्द बहुधा अंगासकट उचलले. ‘कापुत’ (डोके) याची षष्ठी ‘कापितिस’. आठवत नसेल तर ‘कॅपिटल’ आठवा. ‘तेम्पुस’ (काळ), ‘तेम्पोरिस’ यासाठी ‘टेम्पररी’. ‘देन्स’, ‘देन्तिस’साठी ‘डेंटल’, आणि ‘पेस’, ‘पेदिस’साठी सायकलचे ‘पेडल’.

पाच गट, ओळखण्याची खूण एकच

लॅटिन नामांचे पाच गट आहेत. गट ओळखायचा तो षष्ठी एकवचनाच्या शेवटावरून. प्रथमेवरून ओळखायला गेलात की फसलात.

- पहिला, षष्ठी ‘-आय’: पुएल्ला, पुएल्लाय (मुलगी). बहुतेक स्त्रीलिंगी.
- दुसरा, षष्ठी ‘-ई’: आमीकुस, आमीकी (मित्र) पुल्लिंगी, बेल्लुम, बेल्ली (युद्ध) नपुंसकलिंगी.
- तिसरा, षष्ठी ‘-इस’: रेक्स, रेगिस पुल्लिंगी, कोर्पुस, कोर्पोरिस (शरीर) नपुंसकलिंगी. तिन्ही लिंगे, आणि शब्द सर्वांत जास्त.
- चौथा, षष्ठी ‘-ऊस’: मानुस, मानूस (हात) स्त्रीलिंगी. या गटात बहुतेक शब्द पुल्लिंगी, ‘मानुस’ अपवाद.
- पाचवा, षष्ठी ‘-एई’: रेस, रेई (वस्तू, बाब) स्त्रीलिंगी, दिएस, दिएई (दिवस) बहुधा पुल्लिंगी. शब्द थोडे, पण सतत येणारे.

आधी पहिला आणि दुसरा गट पूर्ण करा, मग सावकाश तिसरा. चौथा आणि पाचवा तिसऱ्यानंतर अगदी झटपट होतात. पाचही तक्ते एकदम भिंतीवर लावून बसू नका.

‘ला’ आणि ‘ने’ यांच्यापासून सावध

शाळेत संस्कृत घेतले असेल तर प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी आणि संबोधन ही नावे इथेही चालतात. द्विवचन नाही, ही मोठीच सुटका. तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींचे काम लॅटिनमध्ये एकच विभक्ती करते. तिला ॲब्लेटिव्ह म्हणतात. ‘सुरीने’, ‘घरातून’, ‘नगरात’ हे तिन्ही अर्थ तिच्याकडे जातात. सप्तमी शहरांची नावे आणि दोन-चार शब्द यांपुरती शिल्लक आहे: ‘रोमाय’ म्हणजे रोममध्ये, ‘दोमी’ म्हणजे घरी.

संस्कृत न शिकलेल्या, केवळ मराठीवरून अंदाज बांधणाऱ्या वाचकांच्या मात्र तीन चुका हमखास होतात. नीट पाहा, कारण आपल्याला पडणाऱ्या अडचणी इंग्रजी पुस्तके सांगत नाहीत.

पहिली ‘ला’ची. ‘राजा मुलीला पाहतो’ आणि ‘राजा मुलीला गुलाब देतो’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘मुलीला’ म्हणतो. लॅटिनमध्ये पहिल्या वाक्यात द्वितीया: रेक्स पुएल्लाम विदेत. दुसऱ्यात चतुर्थी: रेक्स पुएल्लाय रोसाम दात. वाक्यात ‘ला’ दिसला की स्वतःला विचारा, क्रिया थेट तिच्यावर घडते आहे, की तिला काही मिळते आहे?

दुसरी, निर्जीव वस्तूंची. ‘मी पुस्तक वाचतो’ यात आपण पुस्तकाला कोणताही प्रत्यय लावत नाही, म्हणून ते प्रथमेसारखे दिसते. लॅटिनमध्ये ते द्वितीयेतच हवे: ‘लिबेर’ नव्हे, ‘लिब्रुम’.

तिसरी ‘ने’ची, आणि ही सर्वांत घातक. ‘राजाने मुलीला पाहिले’ यातला ‘राजाने’ पाहून विद्यार्थी ॲब्लेटिव्ह लावतात. मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी कर्त्याला ‘ने’ लागतो, लॅटिनमध्ये कर्ता काळ कोणताही असो प्रथमेतच राहतो: रेक्स पुएल्लाम वीदित. ‘सुरीने कापले’ यातला ‘ने’ मात्र साधनाचा, तिथे ॲब्लेटिव्ह बरोबर.

तक्त्याआधी हे चार नियम

हे नियम पाचही गटांना लागू आहेत. आधी हे पक्के केलेत तर तक्त्यातली बरीच घरे आपोआप भरतात.

- नपुंसकलिंगी नामाची प्रथमा आणि द्वितीया सारखीच असते, आणि अनेकवचनात तिचा शेवट ‘-आ’ होतो: बेल्ला, कोर्पोरा. संस्कृतातले ‘वनम्, वनम्’ आठवा.
- पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी नामांची द्वितीया एकवचनात ‘म’ने आणि अनेकवचनात ‘स’ने संपते: पुएल्लाम, पुएल्लास, आमीकुम, आमीकोस, रेगेम, रेगेस.
- षष्ठी अनेकवचन ‘-उम’ने संपते, पुष्कळदा आधी ‘र’ घेऊन: पुएल्लारुम, आमीकोरुम, रेगुम, रेरुम.
- अनेकवचनात चतुर्थी आणि ॲब्लेटिव्ह नेहमी एकसारख्या असतात. पहिल्या दोन गटांत ‘-ईस’, तिसऱ्या-चौथ्यात ‘-इबुस’, पाचव्यात ‘-एबुस’. रस्त्यावरची ‘बस’ याच प्रत्ययाची: ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’, त्याचा शेवट तेवढा गाडीचे नाव म्हणून उरला.

संबोधन प्रथमेसारखेच असते. अपवाद एकवचनी दुसऱ्या गटाचा: ‘-उस’चा ‘-ए’ होतो. म्हणूनच ‘ब्रूतुस’ला हाक मारताना ‘ब्रूते’.

तुमच्या ओठांवर असलेली रूपे

मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग हा. कॉलेज, कोर्ट आणि दवाखाना यांतून कितीतरी लॅटिन रूपे आपण रोज वापरतो. ती उलगडून पाहा. प्रत्येक रूप तक्त्यातल्या एका घरात जाऊन बसेल आणि तिथून हलणार नाही.

कॉलेजमधून आणतो ते ‘बोनाफाईड’ सर्टिफिकेट म्हणजे ‘बोनाऽ फिदे’. ‘फिदेस’ (विश्वास) पाचव्या गटातला स्त्रीलिंगी शब्द, त्याची ही ॲब्लेटिव्ह: ‘सद्भावनेने’. विशेषण ‘बोना’ पहिल्या गटाप्रमाणे चालते, नाम पाचव्याप्रमाणे. शेवट वेगळे, विभक्ती एक. कोर्टातले ‘प्रायमा फेसी’ हुबेहूब याच घडणीचे.

‘एक्स पार्टे’मध्ये ‘पार्स, पार्तिस’ (बाजू) याची ॲब्लेटिव्ह आहे, ‘सब ज्युडिस’मध्ये ‘यूदेक्स, यूदिकिस’ (न्यायाधीश) याची. दोन्ही तिसऱ्या गटातली. अर्थशास्त्रातले ‘पर कॅपिटा’ म्हणजे ‘पेर’ नंतर द्वितीया अनेकवचन: ‘कापुत’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘कापिता’, ‘डोक्यांमागे’. ‘अमायकस क्युरी’मध्ये ‘कूरिआय’ ही षष्ठी: न्यायालयाचा मित्र. असे अनेक मित्र नेमले तर ‘आमीकी कूरिआय’ होतात. बदलतो तो मित्र, न्यायालय आहे तिथेच षष्ठीत राहते.

वृत्तपत्रांत सर्रास छापून येणारे ‘सुओ मोटो’ मात्र दुरुस्त करून घ्या. शब्द ‘मोतुस, मोतूस’ असा चौथ्या गटातला आहे, त्याची ॲब्लेटिव्ह ‘मोतू’. ‘सुओ मोतू’ असेच हवे. दुसऱ्या गटाच्या सवयीने तिथे ‘ओ’ घुसला. वकिली करणाऱ्यांनी निदान आपल्या अर्जात तरी बरोबर रूप लिहावे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची आद्याक्षरेही विभक्तींनी भरलेली असतात:

- ए.सी., ‘आन्ते किबुम’: जेवणापूर्वी. ‘आन्ते’नंतर द्वितीया.
- पी.सी., ‘पोस्त किबुम’: जेवणानंतर. ‘पोस्त’नंतरही द्वितीया.
- बी.डी., ‘बिस दिए’: दिवसातून दोनदा. ‘दिएस’ची ॲब्लेटिव्ह.
- एच.एस., ‘होराऽ सोम्नी’: झोपेच्या वेळी. ‘सोम्नी’ षष्ठी, दुसरा गट.
- एस.ओ.एस., ‘सी ओपुस सित’: गरज पडल्यास.

या आद्याक्षरांवर विसंबून औषध घेऊ मात्र नका. ‘ओ.डी.’ ही अक्षरे एका चिठ्ठीवर ‘दिवसातून एकदा’ या इंग्रजी अर्थाने असतात, तर डोळ्यांच्या चिठ्ठीवर ‘ओकुलुस देक्स्तेर’, म्हणजे उजवा डोळा. चिठ्ठीचा अर्थ साध्या मराठीत विचारून घेणे हा रुग्ण म्हणून तुमचा हक्क आहे.

‘-उस’, ‘-आ’ आणि ‘-आय’

‘-उस’ने संपणारा शब्द तीन गटांत असू शकतो. ‘लोकुस’ (जागा) दुसऱ्यातला, अनेकवचन ‘लोकी’. ‘कोर्पुस’, ‘गेनुस’, ‘तेम्पुस’ तिसऱ्यातले नपुंसकलिंगी, अनेकवचने ‘कोर्पोरा’, ‘गेनेरा’, ‘तेम्पोरा’. ‘स्तातुस’ चौथ्यातला, अनेकवचन ‘स्तातूस’. ‘जीनस’चे अनेकवचन ‘जिनेरा’ का, या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. आणि ‘स्पीशीज’ एकवचनातही तोच, अनेकवचनातही तोच, कारण पाचव्या गटात प्रथमेची दोन्ही रूपे सारखी.

‘-आ’ दिसला की स्त्रीलिंगी एकवचन समजण्याची घाई नको. ‘डेटा’ आणि ‘बॅक्टेरिया’ ही नपुंसकलिंगी अनेकवचने आहेत. उलट ‘पोएता’ (कवी), ‘नाउता’ (खलाशी), ‘आग्रिकोला’ (शेतकरी) पहिल्या गटात असूनही पुल्लिंगी. चांगला शेतकरी ‘आग्रिकोला बोनुस’च, ‘बोना’ नव्हे.

‘-आय’चे अर्थ तीन: मुलीचा, मुलीला किंवा अनेक मुली. (‘मुलींनो’ अशी हाकही तीच.) यातला कोणता, हे वाक्यातले क्रियापदच ठरवते, म्हणून आधी क्रियापद शोधा. ते बहुधा मराठीसारखे वाक्याच्या शेवटी सापडते.

तिसऱ्या गटातल्या काही शब्दांची षष्ठी अनेकवचनात ‘-उम’ऐवजी ‘-इउम’ होते: ‘उर्ब्स’ (नगर) याची ‘उर्बिउम’. यामागे नियम आहेत आणि नियमांना अपवाद आहेत. सुरुवातीला वाचताना ओळखता आले तरी पुरे.

वनस्पतींच्या नावांतून सराव

लिंगाचा सराव करायला वनस्पतींच्या शास्त्रीय नावांइतके चांगले साधन नाही. केशर क्रोकस सटायव्हस, भात ओरायझा सटायव्हा, लसूण ॲलियम सटायव्हम. ‘लागवडीचा’ या एकाच विशेषणाची ही पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी रूपे. काळी मिरी पायपर नायग्रम, काळी मोहरी ब्रॅसिका नायग्रा. तीळ सिसॅमम इंडिकम, आंबा मँगिफेरा इंडिका.

चिंच टॅमरिंडस इंडिका, पिंपळ फायकस रिलिजिओसा, उंबर फायकस रेसिमोसा. ‘-उस’ असूनही विशेषण स्त्रीलिंगी, कारण लॅटिनमध्ये झाडांची नावे परंपरेने स्त्रीलिंगी. विशेषण नामाच्या लिंग, वचन, विभक्तीशी जुळते, शेवटच्या अक्षराशी नाही, हे चिंचेच्या नावावरून कायमचे लक्षात राहते.

व्यक्तींच्या नावांवरून दिलेली नावे बहुधा षष्ठीत असतात. सह्याद्रीतल्या सेरोपेजिया या कंदवर्गीय वनस्पतींत ‘महाबळेई’ ही प्राध्यापक महाबळे यांच्या नावाची आहे, ‘सांतापावी’ ही फादर सांतापाव यांच्या नावाची, तर ‘लॉइआय’ ही लॉ या नावाची षष्ठी. ‘सह्याद्रिका’ मात्र स्थळावरून केलेले विशेषण. सेरोपेजिया स्त्रीलिंगी म्हणून तेही स्त्रीलिंगी. नव्या वनस्पतीला नाव देताना ढोबळ नियम असा: पुरुषाचे नाव व्यंजनाने संपत असेल तर दोन रोमन ‘आय’ (ii), स्वराने किंवा ‘-एर’ने संपत असेल तर एक ‘आय’, आणि ‘आ’ने संपत असेल तर पुढे फक्त ‘ई’ (e) जोडून रोमन ‘एई’ (ae), स्त्रीच्या सन्मानार्थ दिलेल्या नावाचा शेवटही ‘एई’.

संशोधकांना एक सवलतही आहे. १ जानेवारी २०१२ पासून नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच लिहिण्याची सक्ती राहिलेली नाही, इंग्रजीही चालते. नाव मात्र लॅटिन व्याकरणाप्रमाणेच हवे, आणि जुनी वर्णने लॅटिनमध्येच आहेत. विल्यम स्टर्न यांचे १९६६ साली प्रथम निघालेले ‘बोटॅनिकल लॅटिन’ या कामासाठी आजही हाताशी ठेवावे.

शब्दसंग्रह: कोणते, किती, कसे

अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजने सर्वाधिक येणाऱ्या सुमारे १,००० लॅटिन शब्दांची यादी तयार केली आहे. वाचनासाठी शिकणाऱ्यांनी सुरुवात तिथून करावी. रोज ८-१० शब्दांपेक्षा जास्त घेऊ नका, आणि कार्डे किंवा ‘अँकी’सारखे ॲप वापरत असाल तर कार्डावर चारही गोष्टी लिहा. प्रश्न दोन्ही दिशांनी विचारा. शब्दयोगी अव्यये सुटी पाठ करू नका: ‘पोस्त’ हा शब्द ‘पोस्त किबुम’ म्हणूनच लक्षात ठेवा, त्याबरोबर विभक्तीही राहते. ‘इन’ आणि ‘सुब’ गतीला द्वितीया आणि स्थितीला ॲब्लेटिव्ह घेतात, म्हणून त्यांची दोन-दोन कार्डे करा.

संस्कृतशी नाते असलेले शब्द वेगळ्या पानावर काढा: मातेर-मातृ, पातेर-पितृ, फ्रातेर-भ्रातृ, नोमेन-नामन्, देन्स-दन्त, गेनू-जानु, इग्निस-अग्नि, देउस-देव, विर (पुरुष)-वीर. हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. पण दिसण्यावर जाऊ नका. ‘मानुस’चा ‘मनस्’शी किंवा आपल्या ‘माणूस’शी काही संबंध नाही, मन या अर्थी लॅटिन शब्द ‘मेन्स, मेन्तिस’ आहे.

पुस्तके आणि शब्दकोश

नियम आधी, वाक्य नंतर असे आवडत असेल तर फ्रेडरिक व्हीलॉक यांचे पुस्तक घ्या. ते १९५६ पासून वापरात आहे आणि त्यात ४० धडे आहेत. वाचत वाचत नियम उमगावेत असे वाटत असेल तर हान्स ओर्बेर्ग यांचे ‘फामिलिया रोमाना’. त्यात सुरुवातीपासून सगळे लॅटिनमध्येच आहे आणि चित्रे व संदर्भ यांतून अर्थ कळत जातो. एकट्याने शिकणाऱ्याने पहिले मुख्य ठेवावे आणि दुसरे रोज थोडे मोठ्याने वाचावे, असे माझे मत आहे.

पुस्तक निवडताना तक्त्यातला विभक्तींचा क्रम पाहा. अमेरिकन पुस्तकांत प्रथमेनंतर लगेच षष्ठी येते, ब्रिटिश परंपरेत संबोधन आणि द्वितीया आधी. दोन पुस्तकांतून दोन क्रमांनी पाठ केलेला तक्ता डोक्यात कालवला जातो. वरची दोन्ही पुस्तके अजून स्वामित्वहक्काखाली आहेत, त्यामुळे वर्गासाठी सरसकट झेरॉक्स काढू नका. ॲलन आणि ग्रीनो यांचे १९०३चे व्याकरण आणि लुईस व शॉर्ट यांचा १८७९चा शब्दकोश यांचे हक्क मात्र संपलेले आहेत. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ या संग्रहात दोन्ही मोफत आहेत. ती छापून घेण्याचा, विद्यार्थ्यांना वाटण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

जुना शब्दकोश वापरताना एक अडचण येईल. लुईस आणि शॉर्ट ‘य’ उच्चाराच्या जागी रोमन ‘जे’ छापतात, नवी पुस्तके ‘आय’ छापतात. ‘यूदेक्स’ किंवा ‘युवेनिस’ ‘आय’खाली सापडला नाही तर ‘जे’खाली पाहा. आणि रूप अनोळखी असेल तर आधी प्रत्यय काढून अंग वेगळे करा. त्या अंगाने सुरू होणाऱ्या नोंदींतली षष्ठी पाहत गेलात की मूळ शब्द सापडतो.